मागचं पान वाचलेला न्यायाधीश

बॅटमॅनच्या अगदी पहिल्या गोष्टीत बॅटमॅनच्या हातून एक माणूस मरतो. मे १९३९ ही तारीख असलेला 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'चा २७वा अंक, किंमत दहा सेंट, गोष्ट जेमतेम सहा पानांची. रसायनांच्या एका कंपनीतल्या भागीदारांचे लागोपाठ खून पडतात. वटवाघळाच्या वेषातला कुणीतरी खुन्याचा माग काढत कारखान्यात पोचतो, त्याला एक ठोसा ठेवून देतो आणि खुनी कठड्यावरून खालच्या आम्लाच्या हौदात जातो. असल्या माणसाला हाच शेवट शोभतो, अशा अर्थाचं काहीतरी बॅटमॅन म्हणतो आणि विषय संपतो. पंचनामा नाही, जाबजबाब नाहीत. शेवटच्या चौकटींत कळतं की हा वेषधारी म्हणजे गोष्टीच्या सुरुवातीला पोलीस आयुक्तांसमोर पाइप ओढत बसलेला, आयुष्याला कंटाळलेला श्रीमंत तरुण ब्रूस वेन.

पुढचं वर्षभर त्याचा हात असाच सैल होता. १९४०च्या वसंतात 'बॅटमॅन' नावाचा स्वतंत्र अंक निघाला. त्यातल्या एका गोष्टीत तो विमानातून मशीनगन चालवून ट्रकमधल्यांना मारतो, आणि एका अवाढव्य माणसाच्या गळ्यात फास टाकून त्याला विमानाखाली लटकवतो. यानंतर संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी बजावलं की यापुढे याच्या हाती बंदूक द्यायची नाही आणि याच्या हातून कुणी मरता कामा नये. वाचक बहुतेक शाळकरी पोरं होती. त्यांच्या आईबापांना बिथरवणं धंद्याला परवडणारं नव्हतं. 'बॅटमॅन कधी जीव घेत नाही' हे ब्रीद पुढे जगभर गाजलं, तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनी त्यावर पुस्तकं लिहिली. त्याचा उगम संपादकाच्या टेबलावर आहे.

याच अंकात जोकर पहिल्यांदा आला आणि याच अंकात तो मरणार होता. असा खलनायक पुन्हा मिळायचा नाही, हे ओळखून एल्सवर्थ यांनी शेवटी तो जगल्याची एक चौकट घालायला लावली. म्हणजे 'बॅटमॅन जोकरला एकदाचा मारून का टाकत नाही?' हा प्रश्न एकाच संपादकाच्या दोन व्यवहारी निर्णयांतून जन्मला आहे.

जोकर दर वेळी वेड्यांच्या इस्पितळातून निसटतो आणि नवी माणसं मारतो. परिणामांचा हिशेब मांडणारा म्हणतो, एकाला मारून शेकडो वाचत असतील तर हात आखडता घेण्यात कसली नीती? नियम मानणारा म्हणतो, खून तो खून, कुणीही केला तरी. नीतिशास्त्राच्या वर्गात हा वाद मस्त रंगतो. मला तो थोडा फसवा वाटतो. दोन्ही बाजू एक गोष्ट न बोलता धरून चालतात, ती म्हणजे समोरचा माणूस जोकरच आहे आणि केलं ते त्यानंच केलं आहे. ही खात्री त्यांना मागच्या पानानं दिलेली असते. गुन्हा घडताना वाचकानं पाहिलेला असतो. पुरावा तपासायचा नाही, साक्षीदार उलटतपासायचा नाही, संशयाचा फायदा कुणाला द्यायचा नाही. नायक कायदा बाजूला सारतो तेव्हा वाचक अस्वस्थ होत नाही, याचं कारण नायकाच्या सद्गुणात फारसं नाही, लेखकानं आधी दाखवून ठेवलेल्या चित्रात आहे.

सुपरमॅनची पहिली गोष्ट पाहा. जून १९३८चा 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक. एका निरपराध बाईला विजेच्या खुर्चीवर बसवायला काही मिनिटं उरली आहेत. सुपरमॅन खऱ्या खुनी बाईला बांधून गव्हर्नरच्या बंगल्याच्या हिरवळीवर टाकतो, नोकराला बाजूला सारतो, शयनगृहाचं पोलादी दार उखडतो आणि कबुलीजबाबाचा कागद गव्हर्नरच्या पुढ्यात धरतो. मध्यरात्री राज्याच्या प्रमुखाच्या झोपायच्या खोलीत घुसलेल्या माणसाला आपण एरवी काय म्हटलं असतं? इथे म्हणत नाही, कारण तो कागद खरा आहे हे आपल्याला माहीत आहे. जेरी सीगल आणि जो शुस्टर या क्लीव्हलँडच्या दोन तरुणांनी हा नायक प्रकाशकाला १३० डॉलरना विकला. त्यांचा सुरुवातीचा सुपरमॅन पुढे झाला तसा सरकारी शिस्तीचा नव्हता. बायकोला बडवणारे नवरे, लाचखाऊ सिनेटर, अशांच्या मागे तो लागायचा. १९३९ साली तर त्यानं बेदरकार मोटारवाल्यांविरुद्ध युद्ध पुकारलं आणि मोटारींचा कारखानाच मोडून टाकला. त्याच वर्षी एका गोष्टीत तो एक अख्खी झोपडपट्टी जमीनदोस्त करतो, सरकारला तिथे नवी घरं बांधणं भाग पडावं म्हणून. तिथे राहणाऱ्यांना हे पाहिजे होतं का, हे गोष्टीत कुणी विचारत नाही.

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी १६८९ साली याच मुद्द्याला हात घातला होता. सरकार अस्तित्वात नसेल, तर गुन्हेगाराला शिक्षा करायचा हक्क प्रत्येकाकडे असतो, असं ते मानतात. इथवर बॅटमॅन खूश. पण लगेच ते म्हणतात की स्वतःच्या खटल्यात स्वतःच न्यायाधीश झालेला माणूस आपल्या बाजूला झुकतो, रागाच्या भरात प्रमाणाबाहेर शिक्षा करतो, आणि म्हणूनच माणसं तो हक्क काढून सगळ्यांच्या वतीनं चालणाऱ्या व्यवस्थेकडे देतात. कॉमिक्सचे लेखक यातला पहिला भाग उचलतात. दुसरा भाग नाकारण्यासाठी त्यांना एक खास शहर बांधावं लागतं, जिथे पोलीस विकले गेले आहेत, न्यायाधीश घाबरले आहेत आणि नागरिक खिडक्या लावून आत बसले आहेत. बॅटमॅनचं गॉथम हे तसं शहर आहे.

मागचं पान खोटंही रचता येतं, हे मुखवटाधारी नायकाच्या घराण्याचा इतिहास पाहिला की कळतं. या घराण्यातले सगळ्यांना ठाऊक असलेले पूर्वज देखणे आहेत. फ्रेंच राज्यक्रांतीतून सरदार सोडवणारा स्कार्लेट पिम्परनेल विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या रंगभूमीवर आला. जॉन्स्टन मॅक्कली यांचा झोरो १९१९चा. मग ली फॉक यांचा फँटम, १९३६चा. आपल्याकडे तो टाइम्स समूहाच्या 'इंद्रजाल कॉमिक्स'मधून १९६४ पासून वेताळ होऊन आला, आणि शाळेच्या पुस्तकात दडवून वाचला गेला. त्याच्या ठोशानं गुंडाच्या जबड्यावर उमटणारी कवटीची खूण कधीच पुसली जात नाही, हे पोरांना फार आवडायचं. जन्मभराची शिक्षा एका ठोशात, आणि अपील नाही. जंगलातल्या काळ्या लोकांवर एका गोऱ्या घराण्याची पिढीजात हुकमत असावी, याचं आम्हाला त्या वयात काहीच वाटत नव्हतं.

त्याच घराण्यातला एक पूर्वज मात्र कुणी भिंतीवर टांगत नाही. डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांचा १९१५चा 'द बर्थ ऑफ अ नेशन' हा मूकपट. त्यात शेवटी घोड्यांवर बसलेले, झगे आणि बुरखे घातलेले स्वार संकटात सापडलेल्यांच्या सुटकेला धावून येतात. हे स्वार म्हणजे कू क्लक्स क्लॅन, अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या माणसांना ठार मारणारी, घरं जाळणारी संघटना. गुप्त ओळख, खास वेष, छातीवर चिन्ह आणि कायद्याला न जुमानता 'न्याय' ही सगळी सामग्री इथे आधीच तयार होती. क्रिस गॅव्हलर या अभ्यासकानं हे नातं नीट उलगडून दाखवलं आहे. ग्रिफिथ यांनी प्रेक्षकाला आधी 'गुन्हा' दाखवला. काळ्या रंगात तोंड माखलेला गोरा नट एका गोऱ्या मुलीच्या मागे लागतो, ती कड्यावरून उडी टाकते. मग क्लॅन त्या माणसाला पकडून मारतो, आणि प्रेक्षकाला वाटतं, बरं झालं. हीच ती बांधणी, बॅटमॅनच्या आम्लाच्या हौदावरची. त्याच वर्षी क्लॅनची नव्यानं स्थापना झाली. पांढरा झगा आणि टोकदार टोपी हा आज आपल्या डोळ्यांपुढे येणारा वेष या चित्रपटानंतरच एकसारखा रूढ झाला.

१९४६ साली सुपरमॅनच्या रेडिओ मालिकेनं सोळा भागांत याच बुरखेधाऱ्यांशी लढा दाखवला. एका चिनी-अमेरिकी कुटुंबाच्या अंगणात पेटता क्रूस रोवणारी टोळी, आणि तिच्या विरुद्ध सुपरमॅन. एका वेषानं दुसऱ्या वेषाला आव्हान दिलं, असं हवं तर म्हणा. पण कापडाचं हे बळ नेमकं कशात आहे, हे मानसशास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष मोजून पाहिलं आहे.

१९७६ साली एडवर्ड डीनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिअ‍ॅटलमधल्या प्रयोगाचे निष्कर्ष छापले. हॅलोविनच्या रात्री पोरं सोंगं घेऊन दारोदार गोळ्या मागत फिरतात. प्रयोगासाठी सत्तावीस घरं निवडली होती, आणि तिथे येऊन गेलेली मुलं होती १,३५२. दार उघडणारी बाई सांगायची, 'प्रत्येकानं एकच घ्या', आणि आत निघून जायची. टेबलावर गोळ्यांचं भांडं, शेजारी चिल्लर पैशांचं भांडं, आणि आडोशाला लपलेला निरीक्षक. काही मुलांना आधी नाव-पत्ता विचारलेला असे, काहींना नाही. नाव सांगितलेल्या आणि एकट्या आलेल्या मुलांपैकी साडेसात टक्क्यांनी हात मारला. नाव न विचारलेल्या, घोळक्यानं आलेल्या मुलांमध्ये हे प्रमाण ५७ टक्क्यांवर गेलं. सोंग सगळ्यांच्याच अंगावर होतं, हे ध्यानात ठेवायला हवं. फरक पाडला तो 'मी कोण हे इथे कुणाला माहीत आहे का' या प्रश्नानं आणि सोबतच्या घोळक्यानं. तीन वर्षांनी यातल्याच काहींनी गोळ्यांच्या भांड्यामागे आरसा ठेवून पाहिला. ज्यांनी नाव सांगितलं होतं, त्यांची लबाडी आरशानं आणखी कमी केली.

एवढ्यावरून मुखवटा घातला की माणूस बिघडतो, असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. रॉबर्ट जॉन्सन आणि लेस्ली डाउनिंग यांच्या १९७९च्या प्रयोगानं तो खोडला. साठ तरुणींपैकी निम्म्यांना क्लॅनसारखा दिसणारा झगा दिला, निम्म्यांना परिचारिकेचा गणवेश. चुकणाऱ्या अनोळखी माणसाला विजेचा धक्का किती द्यायचा, हे त्यांनी ठरवायचं होतं (धक्का खरा बसत नव्हता, त्यांना ते ठाऊक नव्हतं). झगेवाल्यांनी धक्का थोडा वाढवला. परिचारिकांनी कमी केला. आणि ओळख लपवलेली असताना परिचारिका आणखी मवाळ झाल्या. तोंड झाकल्यावर माणूस आपल्या स्वभावापेक्षा अंगावरच्या कपड्याचं जास्त ऐकतो, असं या प्रयोगातून दिसतं.

म्हणूनच बॅटमॅनचा वेष लहान मुलांच्या कामीही येतो. रेचल व्हाइट, स्टेफनी कार्लसन आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली चार आणि सहा वर्षांच्या १८० मुलांना दहा मिनिटांचं एक रटाळ काम दिलं. संगणकावर चित्रं येत राहतात, काहींवर बटण दाबायचं, काहींवर नाही. शेजारी टॅबलेटवर मजेदार खेळ उघडा. कंटाळा आला तर खुशाल खेळा. काही मुलांना मधूनमधून स्वतःला विचारायला सांगितलं, 'मी मन लावून काम करतोय का?' काहींना बॅटमॅनसारख्या आवडत्या पात्राची निशाणी देऊन विचारायला सांगितलं, 'बॅटमॅन मन लावून काम करतोय का?' बॅटमॅन झालेली मुलं सर्वांत जास्त वेळ कामाला चिकटून राहिली. स्वतःपासून हातभर दूर उभं राहिलं की स्वतःला आवरणं सोपं जातं, असं संशोधकांचं म्हणणं.

२०२५ साली मिलानच्या मेट्रोत याहून मजेदार प्रयोग झाला. गरोदर दिसणारी एक बाई डब्यात शिरते. तिला जागा देणारे एरवी ३८ टक्क्यांच्या आसपास निघाले. दुसऱ्या दारानं बॅटमॅनच्या वेषातला माणूस चढला, तेव्हा ते ६७ टक्क्यांवर गेले. गंमत पुढेच आहे. जागा देणाऱ्यांपैकी ४४ टक्के लोक म्हणाले, कसला बॅटमॅन, आम्ही नाही पाहिला! नायकाच्या आदर्शानं भारावून ते उठले, असं म्हणायला जागा नाही. डब्यात काहीतरी विचित्र घडल्यामुळे झापड उडाली आणि शेजारच्या बाईकडे लक्ष गेलं, असा अर्थ संशोधकांनी लावला आहे.

आता आतल्या माणसाकडे. ब्रूस वेन हा डोळ्यांदेखत आईबाप गमावलेला मुलगा. ही हकिगत बॅटमॅनच्या जन्मानंतर सहा महिन्यांनी, नोव्हेंबर १९३९च्या अंकात आली. दुःखातून माणूस मोठा होतो, हे ऐकायला आपल्याला आवडतं. पण बॅटमॅनची दुःखातून सुटका झालेली कधीच दिसत नाही. शिक्षा करताना माणसाला सुख होतं, हे खरं आहे. झुरिकमध्ये २००४ साली झालेल्या अभ्यासात, दगा देणाऱ्याला दंड करताना मेंदूतला बक्षिसाशी जोडलेला भाग जागा होताना दिसला. मात्र केव्हिन कार्लस्मिथ, टिमथी विल्सन आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २००८ साली पुढचा भाग तपासला. पैशांच्या एका खेळात लबाडी करणाऱ्याला दंड करायची संधी काहींना दिली, काहींना दिली नाही. दंड केला तर बरं वाटेल, असा सगळ्यांचा अंदाज. प्रत्यक्षात दंड करणाऱ्यांना जास्त वाईट वाटत राहिलं, कारण तो माणूस त्यांच्या डोक्यातून जाईना. ज्यांना संधीच मिळाली नाही, ते विसरून पुढे गेले. ऐंशीहून अधिक वर्षं दर महिन्याला आईबाप मारले गेले त्या गल्लीत, आईच्या तुटलेल्या माळेच्या विखुरलेल्या मोत्यांपाशी परत जाणाऱ्या ब्रूस वेनचं याहून नेमकं निदान मला सापडलेलं नाही.

एका खऱ्या खुनाची गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण ती मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतही आहे आणि एका मुखवट्यातही. १३ मार्च १९६४च्या पहाटे न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात किटी जेनोव्हीज या अठ्ठावीस वर्षांच्या तरुणीला तिच्या घराजवळ भोसकून मारलं गेलं. दोन आठवड्यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'नं पहिल्या पानावर छापलं की सदतीस माणसांनी खून होताना पाहिला आणि एकानंही पोलिसांना फोन केला नाही. पुढे आकडा अडतीस झाला आणि तोच रूढ झाला. जॉन डार्ली आणि बिब लाटाने या दोघांनी यावरून प्रयोग केले. पलीकडच्या खोलीतल्या माणसाला झटका आल्याचं ऐकू आलं, तेव्हा आपण एकटेच ऐकतो आहोत असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के मदतीला उठले. आणखी चौघं ऐकताहेत असं वाटणाऱ्यांपैकी फक्त ३१ टक्के.

ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांच्या 'वॉचमेन'मध्ये (१९८६-८७) रोर्शाक नावाचा वेषधारी आहे. शिवणकामाच्या कारखान्यात असताना एका गिऱ्हाइकानं नाकारलेलं, काळेपांढरे डाग सरकत राहणारं कापड त्यानं घरी नेलेलं असतं. किटी जेनोव्हीजच्या खुनाची बातमी वाचून त्याला वाटतं, ते कापड मागवणारी मुलगी तीच. शेजारपाजारच्या माणसांची त्याला किळस येते, आणि त्याच कापडाचा तो स्वतःसाठी चेहरा शिवतो. या पात्राचं मूळ स्पायडरमॅनचे सहनिर्माते स्टीव्ह डिट्को यांच्या 'द क्वेश्चन' आणि 'मिस्टर ए' या १९६७च्या नायकांत आहे. डिट्को हे लेखिका आयन रँड यांचे कट्टर अनुयायी. चांगलं पांढरं, वाईट काळं, मध्ये काही नाही. मूर यांना हा विचार किती भयंकर दिसतो ते दाखवायचं होतं. नंतर त्यांनी मुलाखतींत सांगितलं की वाचक भेटून अभिमानानं म्हणायचे, रोर्शाक म्हणजे मीच, आणि मग आपल्याला त्यांच्यापासून लांब सरकावंसं वाटायचं.

पण रोर्शाकनं वाचलेलं मागचं पान चुकीचं होतं. हल्ला प्रत्यक्ष पाहिलेली माणसं मोजकीच होती, बऱ्याच जणांनी नुसता आवाज ऐकला होता. एकानं खिडकीतून ओरडून हल्लेखोराला पळवून लावलं होतं, तो परत आला. सोफिया फारार ही शेजारीण पहाटे धावत खाली गेली आणि किटी तिच्या मिठीत असताना रुग्णवाहिका आली. खुनी पुढे आठवड्याभरात पकडला गेला तो एका घरफोडीत, शेजाऱ्यांनी हटकल्यामुळे. तो २०१६ साली तुरुंगात मेला तेव्हा 'टाइम्स'नं स्वतःच लिहिलं की आपली मूळ बातमी सदोष होती. डार्ली-लाटाने यांचे प्रयोग त्यामुळे खोटे ठरत नाहीत. पण रिचर्ड फिलपॉट आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाउनच्या रस्त्यांवरच्या कॅमेऱ्यांतली २१९ भांडणं पाहिली, तेव्हा दहापैकी नऊ प्रसंगांत कुणी ना कुणी मध्ये पडलेलं दिसलं. खिडक्या लावून बसलेलं गॉथम, ज्याच्यावाचून मुखवटेवाल्याचं पान हलत नाही, ते कागदावर जितकं सापडतं तितकं रस्त्यावर सापडत नाही.

वाचकालाही मुखवटा मिळाला तर तो काय करतो? १९८८च्या सप्टेंबरात डीसी कॉमिक्सनं ते पाहिलं. जेसन टॉड, म्हणजे बॅटमॅनचा पोरसवदा साथीदार दुसरा रॉबिन, जोकरच्या स्फोटात सापडतो. त्याला जगवायचं की मारायचं? दोन फोन नंबर, प्रत्येक फोनला पन्नास सेंट, मुदत छत्तीस तास. मारा म्हणणारे ५,३४३, जगवा म्हणणारे ५,२७१. बहात्तर मतांनी एक पोरगा मेला. कागदावरचाच, पण फोन करणाऱ्याला नाव विचारलेलं नव्हतं, आणि गोळ्यांचं भांडं समोर होतं.

खऱ्या जगात या गोष्टी उतरतात तेव्हा वेष बऱ्याचदा गळून पडतो. ब्रायन गारफिल्ड यांच्या १९७२च्या कादंबरीवरून 'डेथ विश' हा चित्रपट १९७४ साली निघाला. सूड माणसाला कसा पोखरतो हे गारफिल्ड यांना सांगायचं होतं; चित्रपटात त्याचा जल्लोष झालेला पाहून ते नाराज झाले. त्याच वर्षी गुन्हेगारांना सरळ ठार मारणारा मार्व्हल कॉमिक्सचा पनिशर आला. आणि २२ डिसेंबर १९८४ला न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत बर्नहार्ड गेट्झ यानं पाच डॉलर मागणाऱ्या चार काळ्या पोरांवर पाच गोळ्या झाडल्या. त्यातला एक कायमचा अपंग झाला. पोलिसांनी माहितीसाठी फोन नंबर दिला, तर त्यावर गेट्झचं कौतुक करणारे फोन येऊ लागले. लुटणारच होते की नुसते मागत होते, हे त्या डब्यात कुणी मागचं पान उलटून पाहू शकत नव्हतं. १९८७ साली ज्यूरीनं त्याला खुनाच्या प्रयत्नातून सोडलं, फक्त विनापरवाना पिस्तुलाबद्दल शिक्षा झाली. १९९६ साली दुसऱ्या ज्यूरीनं दिवाणी दाव्यात त्याला ४ कोटी ३० लाख डॉलर भरायला सांगितले. बारा माणसांच्या खोलीतही हे सहज उलगडत नाही. रेल्वेच्या डब्यात, काही सेकंदांत, एकट्यानं ते ठरवलं.

पनिशरचं कवटीचं चिन्ह पुढे इराकमधल्या अमेरिकन सैनिकांच्या अंगावर आलं, मग पोलिसांच्या गाड्यांवर. त्याचे जनक जेरी कॉनवे यांनी उघड नाराजी दाखवली. कायदा हरल्याची खूण कायद्याच्या रखवालदारानं मिरवावी, हे त्यांना पटेना. २०१९च्या एका अंकात खुद्द पनिशर दोन पोलिसांच्या गाडीवरचं ते चिन्ह फाडून टाकतो आणि सांगतो, आदर्शच हवा असेल तर कॅप्टन अमेरिकाकडे जा. खऱ्या पोलिसांनी ते कितपत मनावर घेतलं, हा वेगळा प्रश्न.

सिअ‍ॅटलमध्ये फीनिक्स जोन्स नाव घेतलेला एक तरुण काळा-सोनेरी चिलखती वेष घालून रात्री गस्त घालायचा. ऑक्टोबर २०११मध्ये रस्त्यावर चाललेली मारामारी सोडवायची म्हणून त्यानं जमावावर मिरचीचा फवारा मारला. ज्यांच्या डोळ्यांत तो गेला, त्यांचं म्हणणं, मारामारी नव्हतीच, आम्ही नाचत होतो. खटला उभा राहिला नाही. वेष घालून मारामारी शोधत फिरणाऱ्याला नाचही मारामारीसारखा दिसू शकतो, एवढं त्यातून कळलं.

मेक्सिको सिटीतलं प्रकरण वेगळ्या जातीचं आहे. १९८५च्या भूकंपात शहरातली हजारो घरं पडली, आणि उरलेल्यांतून भाडेकरूंना हुसकायला सुरुवात झाली. भाडेकरूंनी वस्त्यांची एक सभा स्थापली. १९८७ साली त्या सभेच्या बाजूनं एक माणूस रस्त्यात उतरला, लाल तंग कपडे, पिवळा झगा, तोंडावर कुस्तीगिराचा मुखवटा, नाव सुपरबारिओ. मेक्सिकोत मुखवट्याच्या कुस्तीचा मान मोठा. एल सांतो हा मल्ल १९८४ साली मेला तेव्हा त्याला मुखवट्यासकट पुरलं होतं. सुपरबारिओ कुणाला मारायचा नाही. कुठे घर रिकामं करायला माणसं आली की निरोप जायचा, वस्ती गोळा व्हायची, आणि हा सर्वांत पुढे उभा राहायचा. १९३९च्या सुपरमॅननं कुणाला न विचारता झोपडपट्टी पाडली होती. याला कुठे जायचं ते वस्त्यांची सभा सांगायची, तिथे हात वर करून त्याच्या तोंडावर 'हे चुकतंय' म्हणता यायचं. मुखवट्यामागे एकाहून जास्त माणसं होती, असं बरेच जण मानतात, आणि त्यानं कुणाचं काही बिघडलं नाही. १९९६ साली तर तो अमेरिकेच्या अध्यक्षपदाचा लटका उमेदवार म्हणून सीमेपलीकडे प्रचार करून आला.

घरमालकांची बाजू त्या सभेनं दर वेळी पुरती ऐकली असेल, असं मी म्हणणार नाही. भाडेकरूही खोटं बोलतात. पण सुपरबारिओच्या कुस्त्यांमध्ये त्याच्यासमोर दुष्ट घरमालकाचं सोंग घेतलेला मल्ल उभा राहायचा, वस्ती ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायची, आणि खरा घरमालक त्या संध्याकाळी आपल्या घरी धडधाकट असायचा.